चमचाभर पाणी

डॉक्टरांच्या कोटाच्या वरच्या खिशात पेन असतं. आमच्या सरांच्या खिशात चहाचा चमचा असे. स्टीलचा, दांडा जरा वाकलेला, बहुतेक कँटीनमधून उचललेला. त्या चमच्यानं त्यांनी कधी कुणाला काही पाजलं नाही. पेशंटसाठी पाकीटबंद प्लास्टिकचे चमचे होते. हा नुसता दाखवायला. वर्गात उभे राहिले की तो बाहेर काढायचे, बोटांत धरायचे आणि म्हणायचे, "हे बघा. एवढ्याशा पाण्यात माणूस बुडतो."

मी मिरजेची. नर्सिंग तिथंच झालं. नवरा मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत एका कंत्राटदाराकडे नोकरीला, म्हणून लग्नानंतर कुवैतला आले आणि सरकारी हॉस्पिटलात लागले. पक्षाघाताच्या पेशंटांसाठी वेगळा वॉर्ड काढायचं ठरलं तेव्हा मला विचारलं कुणी नाही, तिथं टाकलं. वॉर्ड म्हणजे मेडिसिनच्या एका टोकाला पडदे लावून केलेल्या चार खाटा. आणि त्या चार खाटांचे राजे हे आमचे सर, लातूरकडचे, उंच, किडकिडीत, खांदे पुढे पडलेले. पहिल्याच दिवशी माझं नाव विचारण्याऐवजी त्यांनी गाव विचारलं. त्यानंतर मी कायमची 'मिरज' झाले. केरळची नर्स 'कोट्टायम', इजिप्तचा ज्युनिअर डॉक्टर 'तांता', फिलिपिनो मुलगी 'सेबू'. "ओ मिरज, कोट्टायमला सांग, तांताला बोलाव." नवख्या माणसाला वाटायचं, इथं विमानतळाचं काम चालतं.

वॉर्डानं त्यांचं नाव ठेवलं होतं 'ममनू'. अरबीत ममनू म्हणजे मनाई. सरांना अरबी फारसं येत नसे, पण हा एक शब्द ते अस्सल कुवैतीसारखा म्हणत. पक्षाघाताचा माणूस दारातून आत आला की त्याच्या नातेवाईकांना त्यांचा पहिला शब्द हाच. पाणी ममनू. गहवा, म्हणजे कॉफी, ममनू. खजूर ममनू. गोळीसुद्धा ममनू. आधी गिळण्याची परीक्षा, मग बाकी सगळं.

परीक्षा अशी. माणसाला ताठ बसवायचं. एक चमचा पाणी जिभेवर सोडायचं. आपलं बोट त्याच्या गळ्यावर, घाटीपाशी, म्हणजे कंठमण्यावर. घाटी वर जाऊन खाली आली पाहिजे. मग "आ" म्हणायला लावायचं. आवाज ओला, घोगरा आला तर थांबायचं. खोकला आला तर थांबायचं. असे तीन चमचे, मग कपातून घोटभर. नापास झाला तर नाकातून नळी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा परीक्षा. कारण अर्धं अंग गेलेल्या माणसाचा गळाही अर्धा गेलेला असतो. प्यालेलं पाणी पोटात जाण्याऐवजी छातीत उतरतं आणि बोलता बोलता न्यूमोनिया होतो.

हे कोणत्याही नर्सला शिकवण्यासारखं काम. आमचे सर खाटेवर बसून स्वतः करायचे, तेही तासन्‌तास, एकेका म्हातार्‍याचा गळा चाचपत. तांता मागे उभा राहून कंटाळायचा. त्याला मेंदूतली गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनात रस होता, कारण त्यात धावपळ होती, मशिनं होती. सरांनाही ते इंजेक्शन येत होतं, उत्तम येत होतं. पण ते म्हणायचे, "इंजेक्शनचा फोटो पेपरात येतो. चमच्याचा कुणी काढत नाही. आन्‌ इंजेक्शननं वाचवलेला माणूस आपण बिस्लेरी पाजून मारतो."

शिकवण्याची त्यांची तऱ्हाही जगावेगळी. नव्या नर्सना ते सांगत, जीभ बाहेर काढा, गॉजनं धरा, आता गिळून दाखवा. करून बघा, कळेल. जीभ धरली की गिळताच येत नाही, जीव घाबरा होतो. सेबू तर पहिल्या वेळी रडली. सर म्हणाले, "आता तिला कळलं. पेशंट हेच दिवसभर करत असतो."

एकदा एका मोठ्या घरच्या लोकांनी तक्रार केली की हा हिंदी डॉक्टर आमच्या वडिलांना तहानलेलं ठेवतो. मुदीरसाहेबांनी, म्हणजे हॉस्पिटलच्या संचालकांनी, सरांना बोलावून घेतलं. मी सोबत होते. अंगात पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, टेबलावर अत्तराचा वास. सरांनी खिशातून गॉज काढला आणि त्यांच्यापुढे धरला. मला वाटलं, झालं, आता उद्याच्या विमानानं लातूर. पण मुदीर सज्जन माणूस. त्यांनी खरोखर जीभ धरली, गिळायला गेले, डोळ्यांत पाणी आलं. रुमालानं तोंड पुसत म्हणाले, "खलास, दोक्तोर." त्यानंतर आमच्या दाराशी अरबीत आणि इंग्रजीत बोर्ड लागला.

पण बोर्डानं काय होतंय? इथं माणूस आजारी पडला की सगळी दिवाणिया, म्हणजे रोजच्या बैठकीतली मंडळी, उठून भेटीला येते. थर्मास येतो, खजुराचा डबा येतो, आणि जवळच्या नातेवाइकाच्या हातात झमझमच्या पाण्याचा छोटा कॅन असतो, मक्केहून जपून आणलेला. ते प्रेमानं पाजतात. त्यांच्या दृष्टीनं जगात त्याहून चांगलं औषध नाही. सर भेटीच्या वेळात पडद्याआड उभे राहायचे, गेल्यावर कप हुंगायचे, उशीखाली हात घालायचे. एखाद्या पेशंटाला संध्याकाळी ताप चढला की मला म्हणायचे, "मिरज, कुणीतरी माया केली बघ."

घरीही तेच. आमच्या सालमियाच्या फ्लॅटवर दिवाळीला फराळाला यायचे. एकटेच असत, बायको-मुलगा पुण्याला. चकली मोडता मोडता सगळ्यांच्या गळ्यांकडे बघत बसायचे. माझा नवरा सोफ्यावर आडवा होऊन पाणी प्यायला की त्याला उठवून बसवायचे. माझी मुलगी एकदा वैतागून म्हणाली, "अंकल, व्हाय आर यू स्टेअरिंग अ‍ॅट माय नेक?" सर ओशाळले. मुलीला मी दटावलं, पण मनातून मलाही वाटलं होतं की या माणसाला जरा आवरायला हवं.

आणखी एक खोड. फोन ते कधी कानाला लावत नसत. टेबलावर ठेवायचे, स्पीकर लावायचे आणि दोन्ही हात मोकळे ठेवून त्याच्याशी बोलायचे. त्यामुळे त्यांच्या इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, पाण्याच्या टाकीबद्दल काय म्हणतो, मुलाची परीक्षा कशी गेली, सगळं वॉर्डाला पाठ. लातूरचा फोन मात्र मी कधी ऐकला नव्हता.

या सगळ्याचं मोठं दुःख म्हणजे शिकवलेलं टिकत नसे. देश लहान, पैसा आहे, मशिनं येतात, अँब्युलन्स वेळेत पोचते. माणसं टिकत नाहीत. कोट्टायम हाताशी आली, डोळे मिटून गळा ओळखायला लागली, आणि आयर्लंडला निघून गेली. तिच्या जागी आलेलीला पुन्हा पहिल्यापासून जीभ धरायला लावायची. सेबू गेली, तांता गेला. गळक्या रांजणात पाणी भरावं तसं सर वर्षानुवर्षं तोच वर्ग घेत राहिले. मी विचारलं, "सर, कंटाळा येत नाही?" म्हणाले, "कंटाळा आला तर माणसं मरतील की." त्यात त्यांना मोठेपणा वाटत नसे. ते थकलेच होते.

एकदा वर्गात मीच विचारलं होतं, "सर, जो वाचणारच नाही त्याचं काय? त्यालाही ममनूच का?" प्रश्न साधा होता. आम्ही नर्स लोक शेवटचे तास पाहतो, आम्हाला असे प्रश्न पडतात. सरांनी चमचा खिशात ठेवला आणि वर्ग अर्धा टाकून निघून गेले.

उत्तर मिळालं ते रमजानात. मगरिबच्या अजानची वेळ, मुसलमान नर्सेस ड्युटीरूममध्ये पाण्याच्या बाटल्या आणि खजूर मांडून बसलेल्या. अजान झाली. दिवसभर कोरड्या राहिलेल्या मुलींनी पहिला घोट घेतला. सर त्यांच्याकडे पाहत दारात उभे होते. मग कुणी न विचारता मला मराठीत म्हणाले, "माझी माय तहानलेली गेली."

आईला पक्षाघात झाला तेव्हा सर नुकतेच परदेशात शिकून आले होते. रजा काढून लातूरला गेले. घरात थोरली बहीण, अक्का, आईचं करत होती. सरांनी गेल्या गेल्या फर्मान काढलं, तोंडात पाण्याचा थेंब जाता कामा नये, पाणी छातीत उतरतं आणि माणूस मरतो. आमच्याकडं पाण्याला नाही म्हणणं पाप मानतात, सर म्हणाले, उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर जगणारी माणसंही दारात आलेल्याला तांब्या देतात. आणि यांनी स्वतःच्या आईला नाही म्हटलं. ती वाकड्या तोंडानं पाणी पाणी करत होती. शेजारच्या बायका तोंडावर बोलल्या. शेवटी अक्का तुळशीचं पान आणि गंगाजळ घेऊन आली, तर यांनी तिचा हात धरला. त्यांना वाटत होतं आई वाचेल. ती वाचली नाही.

"अक्का त्यानंतर माझ्याशी बोलली नाही," सर म्हणाले. "बरोबरच हाय तिचं."

त्या दिवसापासून मला त्यांचा राग येईनासा झाला, आणि त्यांच्या हट्टाची भीती मात्र वाटू लागली. नियम एका जागी जरी ढिला केला, तरी आईला कोरडं ठेवलं ते फुकट ठरणार होतं.

मग चाचा आले. मूळचे रत्नागिरीकडचे, सालमियात कपडे शिवायचं दुकान, आयुष्य कुवैतमध्ये गेलेलं. मुलगा एगैलाच्या एका मॉलमध्ये कामाला. चाचांचं उजवं अंग गेलं होतं, वाचा गेली होती. पहिल्या दिवशी परीक्षेत साफ नापास. आवाज घोगरा, खोकल्याची उबळ. नळी घातली. पुढे हृदय दमलं, मग किडन्या. सरांनीच मुलाला बाजूला घेऊन सांगितलं की आता फार नाही. आणि मग जे होतं तेच झालं. रोज सकाळची चमच्याची फेरी चाचांच्या खाटेशी थांबेनाशी झाली. ज्याची आशा सोडली, त्याची परीक्षा कोण घेतं?

मुलगा मला म्हणाला, "ताई, बाबा डोळ्यांनी पाणी मागतात." मला दिसत होतं ते. शुद्ध होती, नजर माझ्या हातातल्या बाटलीच्या मागे फिरायची. मी ओल्या गॉजनं ओठ पुसायची, तर गॉजच चोखायला बघायचे.

सर आले तेव्हा मुलगा उभा राहिला. झमझमची बाटली हातात होती, लपवली नाही.

"डॉक्टरसाब, बाबा जाणार हे तुम्हीच बोललात. मग कोरड्या तोंडानं कशाला जायचं त्यांनी?"

"पाणी नाही."

"तुमच्यातपण तुळशीचं पान ठेवतात ना तोंडात? आमच्या गावात शेजारी बामणाचं घर होतं. बाबाच पळत जाऊन पान आणून द्यायचे, त्यांच्या घरात कोण जायला झालं की."

तो भांडत नव्हता. भांडला असता तर सरांना सोपं गेलं असतं. सर पडद्याबाहेर गेले. कॉरिडॉरच्या खिडकीशी, पार्किंगकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. परत आले ते हात धुऊनच. मला म्हणाले, "मिरज, चमचा दे."

आम्ही चाचांना ताठ बसवलं. मुलानं बापाच्या कानाशी वाकून हळू आवाजात कलमा म्हटला. सरांनी बाटलीतलं पाणी चमच्यात घेतलं, जिभेवर सोडलं. आणि सवयीनं, निव्वळ सवयीनं, त्यांचं बोट गळ्यावर गेलं.

घाटी वर गेली आणि खाली आली.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "आ म्हणा, चाचा." चाचांनी मोडका पण स्वच्छ "आ" काढला. दुसरा चमचा. तिसरा. मग कपातून घोट. खोकला नाही, घोगरेपणा नाही. चाचांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मुलगाही रडत होता आणि हसत होता.

"पास झाले," सर मला म्हणाले. चेहरा राखेसारखा झाला होता. "कधीपासून गिळता येत असंल यांना?"

मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं, कारण कुणी पाहिलंच नव्हतं.

चाचा त्यानंतर दीड दिवस होते. पाणी प्याले, मुलानं आणलेला दुधाचा चहा चमच्यानं प्याले. दुसऱ्या दिवशी दुपारी शांतपणे गेले. मुलानं सरांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाला, "तुमच्यामुळे बाबा तहानलेले गेले नाहीत." सरांना ते ऐकवत नव्हतं, दिसत होतं.

ते ड्युटीरूममध्ये जाऊन बसले. मी चाचांचे कागद पुरे करत होते. सरांनी फोन टेबलावर ठेवला, स्पीकर लावला आणि नंबर दाबला. मी उठायला लागले तर हातानं बस म्हणाले. बरीच रिंग वाजली.

"अक्का, मी."

पलीकडे कुठेतरी भांड्यांचा आवाज.

"अक्का, ठेवू नको. एवढंच सांगायचंय. माय कदाचित गिळू शकली असती. मी तिच्या गळ्याला हात लावून बघितलंच नव्हतं. नुसतं नाही म्हणलो. तू तुळशीचं पान आणलीस, तुझा हात धरलो मी. चुकलो."

मग एका म्हातार्‍या बाईचा आवाज आला, अगदी सावकाश.

"म्या पाजलं होतं तिला."

सरांनी मान वर केली.

"तू दुपारचा झोपला होतास. माय पाणी पाणी करायली होती. मला बघवंना. वाटीनं पाजलं. दुसऱ्या दिवशी ताप चढला अन्‌ मग गेलीच ती. तू सांगितलं होतास, पाणी छातीत उतरतंय म्हणून. म्या मारलं तिला. मग कुठल्या तोंडानं बोलू तुझ्याशी?"

एवढी वर्षं सर समजत होते की अक्का रागावली आहे. तिला भीती वाटत होती. लातूरच्या त्या घरात ती स्वतःला आईची मारेकरी समजून बसली होती, आणि ते तिला शिकवलं होतं सरांनीच. सरांचे दोन्ही हात टेबलावर उघडे पडले होते.

मग त्यांनी विचारलं. डॉक्टर होते, विचारल्यावाचून राहवलं नसणार.

"पाजताना खोकली का?"

"खोकली," अक्का म्हणाली. "लई खोकली. पाठ चोळली म्या तिची."

मी मान खाली घातली. परीक्षा संपली होती. आमच्या वॉर्डात झाडूवाल्यालाही ठाऊक होतं, खोकला आला म्हणजे नापास, पाणी छातीत.

सर सरसावून बसले. फोनच्या जरा जवळ वाकले आणि वर्गात बोलतात त्या ठाम आवाजात म्हणाले, "मग झालं तर. खोकली म्हंजे गळा जागा होता तिचा. खोकल्यानं सगळं पाणी बाहेर पडतंय. तुझ्या पाण्यानं काही झालं नाही, अक्का. ताप आतूनच येणार होता. तू पाजलीस ते लई बरं केलीस."

"खरं सांगायलास?"

"हेच शिकवतो की मी इथं."

पलीकडे अक्का रडायला लागली. सर ऐकत बसले. फोन बंद झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी घाईघाईनं कागदांत डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी नव्या नर्सेसचा वर्ग होता. मी मागे बसले होते. सरांनी खिशातून चमचा काढला, बोटांत धरला. "खोकला आला," ते म्हणाले, "की थांबायचं." आवाज नेहमीसारखाच होता. फक्त तेवढं म्हणताना ते माझ्या बाजूला पाहत नव्हते.